वसंता पंगुनीत येते

गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घातले की कावळे जमतात. हाकलले की उडतात, पाठ फिरवली की परत हजर. आमच्या मंडळाचे किस्से तसेच आहेत. एक सांगून संपवावा, तर दुसरा कठड्यावर येऊन बसलेला!

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा सासरी सगळे मराठीच बोलत होते आणि मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. शब्द पणजोबांच्या काळातले, आणि वर तमिळचा हेल! आता केस पांढरे झाले. आता तंजावरची मराठी येते, साताऱ्याची अडखळते. त्यामुळे दोन्हीकडच्यांना एकमेकांचे अर्थ सांगत बसायचं काम माझ्याकडे आलंय.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले. आमचे हे, सेतुमाधवराव, पापनाशमला स्टेशनमास्तर होते, तेही रिटायर झाले. तेव्हा गल्लोगल्ली एस्टीडी बूथ निघत होते, घराघरांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि सगळ्यांची मुलं कॉम्प्युटर शिकून मद्रासला पळत होती. आम्ही म्हातारे मात्र सकाळची कॉफी झाली की दुपारच्या कॉफीची वाट बघत बसायचो.

त्यात सखारामराव. ओरत्तनाडूला शेतीखात्यात होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बालाजी मद्रासला नव्या कंपनीत होता आणि त्याने ठरवून टाकलं होतं, एप्रिलच्या मध्याला चित्तिरै महिना लागतो, त्याच्या आत अप्पांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं. सखारामरावांना जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि ते त्यांना सापडत नव्हतं. "येथे तुमचं आहे कोण, अप्पा?" असं मुलाने विचारलं की हा माणूस छताकडे बघत बसायचा. मला फार वाईट वाटायचं.

"जायच्या आधी त्यांचा हा वसंत तरी मजेत जाऊं दे," आमचे हे म्हणाले, आणि वसंत मंडळी स्थापन झाली.

* * *

आता तंजावरला वसंत असतो का? थंडी नसतेच, मग ती संपणार कधी? फाल्गुन-चैत्राला इकडे पंगुनी म्हणतात, आणि पंगुनीत ऊन असतं. पण ह्यांनी पेंटर बोलावला आणि आमच्या ओट्यावरच्या भिंतीवर तमिळमध्ये मंडळाचं नाव लिहायला लावलं.

पेंटरने एक काना जास्त दिला. "वसंता मंडळी" झालं. आणि वसंता हे इकडे बाईचं नाव!

दुसऱ्याच दिवशी एक रिटायर्ड हेडक्लार्क आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मला म्हणाले, "वसंता अम्मा आहेत काय?"

"इथे कोणी वसंता नाही," मी म्हटलं.

"केव्हां येतील?"

मी उत्तर द्यायच्या आत ह्यांनी आतून ओरडून सांगितलं, "पंगुनीत आली, चित्तिरैत जाईल!"

हेडक्लार्क विचारात पडून निघून गेले. संध्याकाळी त्यांची बायको आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "धीराने घ्या हं. जाईल म्हणतात ना, मग जाऊं दे."

* * *

पहिला कार्यक्रम नौकाविहार. कल्पना ह्यांचीच. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की निवृत्तांनी वसंतात नदीवर जावं. पापनाशमजवळ ह्यांच्या ओळखीचा एक नावाडी होता. त्याला निरोप गेला, टोपलीसारखी गोल नाव ठरली. डबे भरून आम्ही बसने निघालो.

पोचलो तर नाव होती, नावाडी होता, नदी नव्हती. वाळूच वाळू! वरच्या धरणातून पाणी सोडतात ते जूनमध्ये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि आमच्यात शेतीखात्याचे साहेब होते! मी सखारामरावांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठावूक होतं," ते ओशाळून म्हणाले. "पण सेतुराव एवढ्या हौसेने बोलत होते."

नावाड्याला पैसे दिलेले. तो म्हणाला, बैसा तरी. मग आम्ही कोरड्या नदीच्या मधोमध नावेत बसून वांगीभात खाल्ला. दोन शेळ्या येऊन बघत उभ्या राहिल्या.

रुक्मणी टीचर आमच्याबरोबर होत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या, बोलायला चाबूक. त्यांनी हात पुसले आणि ह्यांना विचारलं, "काय स्टेशनमास्तर, नदी किती लेट आहे?"

ह्यांची नोकरीची सवय! घड्याळ बघून म्हणाले, "लेट नाही. राइट टाइमच जून."

* * *

रंगपंचमीचं खूळ माझं. इकडे कोणी रंग खेळत नाही. सखारामरावांना रंग आणायला पाठवलं. दुकानदाराने विचारलं, कशासाठी? "माणसांवर टाकायला," सखारामराव म्हणाले. दुकानदार घाबरला. त्याने कपड्यांना घालायची नीळ दिली आणि लवकर जायला सांगितलं.

आम्ही सगळे निळे झालो. रुक्मणी टीचरना हात लावायची मात्र कोणाची छाती होईना. शेवटी सखारामराव चिमूटभर नीळ घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. उभे राहिले ते राहिलेच. कुठे लावायची हेच ठरेना! गालाला लावावी तर भीती, हाताला लावावी तर तीच भीती.

टीचरनी वाट बघितली आणि देवळात पुढे करतो तसा तळवा पुढे केला. सखारामरावांनी त्यावर नीळ ठेवली. टीचरनी बोटाने थोडी कपाळाला लावली आणि उरलेली कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवली.

"अहो, तो रंग आहे! फेकायचा असतो," मी म्हटलं.

"दिलेलं कोण फेकतं?" टीचर म्हणाल्या.

त्या तशाच निळ्या कपाळाने बसने घरी गेल्या. बसमध्ये एका मामीने विचारलं, हा कोठल्या देवळाचा प्रसाद? टीचर म्हणाल्या, "नवं देऊळ आहे. अजून कोणास ठावूक नाही."

* * *

पाडव्याच्या दोन दिवस आधी साताऱ्याहून माझे थोरले भाऊ आले. दादांना तंजावर बघायचं होतं. "तिकडे सगळे मराठीच, मग अडचण काय!" असं म्हणून आले होते.

पहिल्याच सकाळी सखारामरावांनी त्यांना कॉफीला बोलावलं. त्यांची फिल्टर कॉफी म्हणजे साऱ्या पेठेत नंबर एक. त्यांनी अदबीने विचारलं, "दादा, पाल थोडं जास्ती घालूं काय?"

दादा उडालेच. "पाल?"

"ताजं पाल हो! आत्तांच आलं. अजून कोमट आहे."

दादांनी भिंतींकडे बघितलं. सखारामरावांना वाटलं, पाहुण्यांना पचत नसेल. म्हणाले, "ताजं नको तर पावडरीचं पाल आहे. पापनाशमचा भाचा तेच पितो."

तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, हे मी नंतर दादांना सांगितलं. चारचौघांसमोर सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली आणि मुक्काम संपेपर्यंत कॉफी कोरीच प्याले.

त्याच संध्याकाळी भजन. सखारामराव छान गायले. इकडे गाणं आवडलं की "भेष! भेष!" म्हणतात. दादा आपले "वा! वा!" करत होते. आणि तमिळमध्ये वा म्हणजे ये! मृदंगवाला बिचारा प्रत्येक "वा"ला थोडा पुढे सरकायचा. भजन संपलं तेव्हा मृदंग दादांच्या मांडीला टेकला होता. दादा मला म्हणाले, "माणूस प्रेमळ आहे गं, पण फार अंगाशी येतो."

* * *

आणि मग पाडवा.

कार्यक्रम सखारामरावांच्याच घरी होता. वसंत मंडळीचाही शेवटचा, त्यांचाही शेवटचा. दारात बालाजीची मारुती उभी होती आणि तिच्या टपावर अप्पांची ट्रंक दोरीने बांधली होती. सणाचं जेवण झालं की निघायचं. शेजारच्या तमिळ माम्याही आल्या होत्या. रुक्मणी टीचर कडुनिंबाच्या फुलांची पचडी वाढत होत्या. सखारामरावांच्या पानात त्यांनी ती दोनदा वाढली.

ह्यांनी दादांना दोन शब्द बोलायची विनंती केली. दादा उठले. पाहुणचाराचं कौतुक केलं, कॉफीचा विषय टाळला, आणि मग सखारामरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सखारामराव, तुमच्यासारखा माणूस भेटायला नशीब लागतं. या नव्या वर्षात तुमचं कल्याण होवो!"



तमिळमध्ये कल्याण म्हणजे लग्न. दुसरा अर्थच नाही.

एक मामी किंचाळली, "कल्याणमा!" दुसरीने हात जोडले. मृदंगवाल्याने उठून सखारामरावांचा हात हातात घेतला. ह्यांच्या तर डोळ्यांत पाणी आलं आणि ते मलाच विचारायला लागले, "हे केव्हां ठरलं?" दादांना वाटलं, आपलं भाषण भलतंच रंगलं. ते सगळ्यांना नमस्कार करत सुटले.

बालाजीला मराठी कळते, बोलायला जमत नाही. तो तमिळमध्येच ओरडला, "अप्पा! लग्न? कोणाबरोबर?"

सखारामराव गोंधळले. त्यांनी दादांकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, दारातल्या मारुतीकडे बघितलं. आता हा माणूस हसून नाही म्हणेल आणि गाडीत बसेल, असं मला वाटलं. ते छताकडे बघत म्हणाले, "अजून विचारलं नाही."

"कोणास?" बालाजी म्हणाला.

सखारामराव छताकडेच बघत राहिले. बाकी आम्ही सगळे मात्र टीचरच्या हातातल्या पचडीच्या भांड्याकडे बघत होतो.

आता गप्प बसणं बरं नव्हतं. मी उठले. "अहो थांबा, थांबा! गैरसमज होतोय. आमच्या साताऱ्याकडे कल्याण म्हणजे—"

रुक्मणी टीचरनी पळी भांड्यात ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"वैनी, बैसा," त्या म्हणाल्या. "अर्थ सांगूं नका."