आधी पाणी, मग रंग

चामड्याच्या पट्ट्यावर नक्षी कोरायची तर आधी काय आणि मग काय, याचा मी चक्क जाहीरनामा लिहिला होता. नऊ कलमं. करोल बागेच्या मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराने तो वाचला आणि विचारलं, "मैडम, पट्टा बनाना है कि सरकार गिरानी है?"

पत्रकं वाचत वाढलेल्या मुलीला दुसरं काय येणार! बाबा दिल्लीतच केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून, आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. 'श्रमाला जात नसते' हे वाक्य प्रत्येकात असायचं; घड्या घालायला मी. आता ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी त्यांच्या कमरेला माझ्या हातचा पट्टा असावा, एवढंच मला हवं होतं. त्यावर एकच शब्द: चळवळ.

माझ्या पहिल्याच कलमात रंग होता. कारागिराने रंगवून पॉलिश केलेल्या तुकड्यावर पाणी शिंपडलं. थेंब घरंगळून गेले. "रंग पी लिया तो पानी नहीं पिएगा. पानी नहीं पिया तो ठप्पा नहीं लेगा."

म्हणजे आधी माप, मग कापणं, मग ओल, ओल आहे तोवर कोरणं, वाळलं की रंग. भोकं आणि बक्कल शेवटी. भोकं पाच, पट्टा मधल्यावर बसला तर माप खरं, असं तो म्हणायचा. बाबांच्या जुन्या पट्ट्याचं माप मी गुपचूप घेऊन आले होते.

मुनिरक्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून तीन महिने दर रविवारी जात राहिले. त्याच्याच डब्यातून जेवले. त्याच्या अक्षरांच्या ठशांत ळ नव्हता. दिल्लीत तो लागतो कुणाला? लहानपणी मीही 'चलवल' म्हणायचे आणि बाबा दहा-दहा वेळा म्हणून घ्यायचे. दोन्ही ळ मी सुरीने कोरले.

"ये तो जलेबी है," कारागीर म्हणाला.

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी गेले. बाबांनी पट्टा हातात घेतला. ळवरून बोट फिरवलं. "वा! कुठून करून घेतलास?"

"मीच केला."

"तू? शिकलीस कुणाकडे?"

सांगितलं. कारागीर कोणत्या जातीचा, ते त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. डब्याचंही.

बाबांनी पट्टा खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "अगं, माझ्या मनात तसं काही नाही, बिल्कुल नाही. पण उद्या सगळे असतील. कुणी विचारलंच तर दुकानातून आणला म्हण." मग ते आत गेले आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"मी खोटं सांगणार नाही," मी दाराशी जाऊन म्हणाले. "तुम्ही पत्रकात लिहा तसं. श्रमाला जात नसते, दुकान असतं."

"जीभ आवर."

दुसऱ्या दिवशी हार घातलेल्या बाबांच्या कमरेला जुनाच पट्टा होता.

त्या रविवारी मी नवी पट्टी ओली करत होते. माझा जाहीरनामा कारागिराने भिंतीला चिकटवला होता, पहिलं कलम खोडून. मान वर न करता त्याने विचारलं, "पिताजी को ठीक आया?"

"बिल्कुल."

"कौन से छेद पर?"

"बीच वाले पर," मी म्हणाले.

म्हातारा खूश झाला. त्याने हातोडी माझ्याकडे सरकवली.