डोळ्यांवरची पळसाची पानं

भगवंतराव गावंडे गोष्ट सांगायला बसले, की विस्तवावरचे रोडगे करपले तरी कुणाचं लक्ष जायचं नाही. अमरावतीच्या गुन्हे शाखेतून जमादार म्हणून निवृत्त झालेला हा गडी. कुठल्याही शेतात रोडग्यांचं जेवण ठरलं, की पहिलं बोलावणं त्यांना. गोवऱ्यांवर कणकेचा जाड रोडगा भाजायला वेळ लागतो. तेवढ्यात एक खून आरामात सांगून होतो.

खून नेहमी तोच. मूर्तिजापूरच्या चंद्रभानच्या बहिणीची सोयरीक चुलतभावानं मोडली. चंद्रभाननं रागाच्या भरात त्याला बैलाच्या कासऱ्यानं फास दिला आणि सोयरिकीची सुपारी त्याच्या मुठीत कोंबली. भगवंतरावांनीच त्याला धरलं होतं. पूर्ण शिक्षा भोगून आलेला चंद्रभान आता सायकली दुरुस्त करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि वलगावात एका शेतकऱ्याचा खून झाला. तसाच कासरा, तशीच मुठीत सुपारी. पोलिसांनी चंद्रभानला उचललं. जुना पंचनामा काढायची कुणाला गरजच वाटली नाही. केस साऱ्यांनी भगवंतरावांच्या तोंडून ऐकलेली.

सकाळी मैनाबाई नवऱ्याला पेपर वाचून दाखवत होत्या. "आन डोयावर पयसाचे पानं ठेवले व्हते म्हने."

भगवंतरावांना चहाचा ठसका लागला. चंद्रभाननं कधीच पानं ठेवली नव्हती. ती भगवंतरावांनी ठेवली होती, नुसत्या तोंडानं. रंगात आले की हाताला लागेल ते ते खुनात घालून मोकळे व्हायचे. अकोल्यात मिरची घातली, पातूरला लिंबू. पळसाची पानं फक्त वलगावच्या पंगतीत, कारण तिथे तेवढ्या पळसाच्या पत्रावळी होत्या, बाकी सगळीकडे थर्माकोल. म्हणजे खुनी त्याच पंगतीत रोडगे चापून गेला होता.

"मंग ठान्यात जा न," मैनाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? थापा मारतो म्हनून?"

"मले माहीतच हाय. आता त्याहीले सांगा."

ठाण्यात इन्स्पेक्टर रागिणी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पानं तुमची?"

"माहीच."

"कोर्टात शपथेवर सांगावं लागेल, काका. पेपरात येईल."

भगवंतरावांना अब्रू प्यारी होती, आणि गोष्ट तर त्याहून. तरी ते म्हणाले, "सांगतो. त्यानं एक खून केला, त्याची सजा भोगली. माह्या गोष्टीपायी आनखी काहून भोगंन?"

मग त्यांनी पंगतीतली माणसं आठवली. मयताच्या धुऱ्याला लागून शेत असलेला, बांधावरून त्याच्याशी भांडणारा नितेश तिथे वाढायला होता. गोष्ट त्यानं पुन्हा सांगायला लावली होती. मॅडमनी त्याला बोलावलं आणि थेट विचारलं, "पानं कशाला ठेवली रे?"

"चंद्रभाननं त्याच्या खुनात ठेवलीच व्हती न, म्हनून," नितेश बोलून गेला आणि मग त्याला घाम फुटला. घरची झडती झाली तेव्हा कासऱ्याचा उरलेला तुकडा त्याच्या गोठ्यात निघाला.

चंद्रभान सुटला त्या दिवशी भगवंतराव तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभे होते. पेपरात त्यांचा 'थापाड्या जमादार' झाला होता आणि चौकातली पोरं तेच नाव घेऊन हसत होती. चंद्रभान समोर येऊन थांबला.

"खून केला तवा मी हो म्हनलो, तुमी आयकलं," तो म्हणाला. "या डाव नाही म्हनलो, तं कोनी आयकून नाही राहिलं."

आणि तो हमसून रडायला लागला. भगवंतरावांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि मूर्तिजापूरच्या बसपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले.