माझ्या मापाचा बांबूचा माणूस

"खुब्याचं हाड आतून मरत चाललंय," एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले. हाड मरतं म्हणजे काय, हे मला कळलं नाही. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. हाडाला रक्त पोचत नाही, मग ते ठिसूळ होऊन खचतं.

कारण सिकल सेल. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. लहानपणापासून माझं अंग ठणकायचं, ते आम्ही वाढीचं दुखणं समजत होतो. यंदा मांडीत कळ येऊ लागली तरी मी उकिडवं बसून टोपल्या विणत राहिलो. आमच्या कामात कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, पायाच्या अंगठ्याने दाबून धरावी लागते, त्यानेच दुखत असेल असं वाटलं. तुमचा कोणाचा खुबा असा दुखत असेल तर माझ्यासारखं थांबू नका.

डॉक्टरांनी कोअर डिकंप्रेशन सुचवलं. हाडाला बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करायचा. उशीर झाला तर पुढे सांधाच बदलावा लागेल.

माय नाही म्हणाली.

आम्ही बुरूड. सुपं, टोपल्या विणतो, आणि गावात कोणी गेलं की तिरडी आमच्याकडूनच जाते. तिच्यासाठी मेलेल्याचं माप कामटीने घेतात. जित्या माणसाच्या अंगाला कामटी लावत नाहीत. मी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बांबूचा पूर्ण उंचीचा माणूस विणत होतो. आजचे कलाकार स्वतःचं शरीरच साचा म्हणून वापरतात, हे सरांनी चित्रांतून दाखवलं होतं. मला ते फार भावलं. मी जमिनीवर आडवा झालो आणि टाचेपासून डोक्यापर्यंत माझं माप घेतलं, कामटीने. घरात टेप होती. पण हाताला सवय कामटीची.

वॉर्डात मायने विचारलं, त्या माणसाचं माप कोणाचं? मी खरं सांगितलं.

"जित्या अंगाले कामटी लावली, अन आता म्हणते पाय काऊन दुखून राह्यला," ती म्हणाली. तो बांबूचा माणूस मोडल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं तिने बजावलं.

ऑपरेशनच्या संमतीवर सही मी स्वतः करू शकत होतो. पण तिच्या मनाविरुद्ध आत जायची हिंमत नव्हती. मीच डॉक्टरांना म्हटलं, तिला समजावून सांगा. त्यांनी शांतपणे सांगितलं, "बाई, बांबूचा काही संबंध नाही. हा आजार जन्मापासूनचा आहे. आई आणि वडील, दोघांकडून दोष आला तरच होतो."

माय पदराला हात पुसत राहिली. हात ओले नव्हते. बाबा आता नाहीत, त्यामुळे सगळा दोष तिच्या एकटीवर येऊन बसला. मग म्हणाली, "म्हणजे म्याच देलं तुले."

बांबूचा दोष होता तेच बरं होतं, असं वाटलं. मी म्हटलं, "जा माय, मोड त्याले."

ती गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली. बोटांवर चिरा होत्या. मोडताना कापलं असेल, असं मी समजलो. प्रदर्शनाचा नाद मनातून काढला. मला रक्त चढवलं, ऑपरेशन झालं.

कुबड्यांवर घरी आलो तर तो ओसरीत उभा होता. कमरेखालची माझी वीण उसवून मायने नवे पाय विणले होते, सुपाच्या घट्ट विणीचे, आधीपेक्षा वीतभर लांब. माझं डोकं त्याच्या हनुवटीला लागत होतं.

"आता तुह्या मापाचा नाई तो," माय म्हणाली. "तुह्याहून उंच हाय, अन जेवाले बी मांगत नाई."

सिकल सेल जाणार नाही. खुबा किती टिकेल, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो. आणि हा आजार कुठून आला हे आईला सांगावं लागलं, तर तिला एकटी बसवून ठेवू नका. तिच्या हाताला काहीतरी करू द्या.

मग तो तसाच प्रदर्शनात ठेवला. सरांनी विचारलं, पाय एवढे लांब का? मायने वाढवले, एवढंच मी म्हटलं. बाकीचं बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.