दुसरा जामीनदार

मंठ्यातल्या आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे 'भाऊ'च म्हणतात. भाऊ अर्ज मोठ्याने वाचून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "आता तुम्ही मला समजून सांगा." व्याज आणि हप्ता माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ते सही घेत नाहीत. मागची रांग कुरकुरते, पण भाऊंना ते ऐकूच येत नाही.

एकदा आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई शेवयांच्या मशीनसाठी अर्ज घेऊन आल्या. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, पण दुसरा जामीनदार मिळत नव्हता.

"मंग फायनान्सवाल्याकडून घेते, भाऊ. व्याज दुप्पट हाय, पण तो लगेच देऊन राह्यला."

"बसा, ताई. जल्दी करू नका." भाऊंनी रांगेतल्या माझ्याकडे पाहिलं. "सर, यांना किती वर्षांपासून वळखता?"

"आठ."

"मंग जामीन राहता का?"

मी घुटमळलो. भाऊंनी आग्रह केला नाही. हप्ते थकले तर माझ्या पगारातून कापतील, हेही स्पष्ट सांगितलं. "घरी इचारा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी सही केली. मशीन आली, हप्तेही वेळेवर जातात. पण सही करताना त्या जामिनाच्या कागदावर मला ताईंचा पत्ता लिहायचा होता. आठ वर्षं त्यांच्या हातची खिचडी खाऊनही त्या कुठे राहतात, हे मला त्यांनाच विचारावं लागलं. तेवढा वेळ भाऊ पाठमोरे होऊन कपाटात काहीतरी शोधत राहिले.