गुणाजीच्या हातातला लाकडी मासा

गुणाजी परबाचा हात भारी होता. लालबागच्या गिरणीत त्याने एका जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, जबडा एका ठोशात फोडला, सहा महिने तुरुंगात काढले, आणि मग कुठलीच गिरणी त्याला दारात उभं करेना. १९५३ साली तो बायको विमलाला घेऊन साकीनाक्याला आला. भांड्यांना निकेल चढवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काम मिळालं. राग मात्र बरोबर आलाच. विमलाच्या पाठीवर त्याच्या खुणा असत.

घाटकोपरचे वकील शरच्चंद्र प्रधान दर रविवारी पवईच्या तलावावर गळ टाकून बसत. विलायतेला परतलेल्या एका साहेबाची पेटी त्यांच्याकडे आली होती. माशांना फसवायचे लाकडाचे खोटे मासे, पितळी चमचे, प्रत्येकाला पुढे-मागे तीन-तीन तोंडांचे गळ, आणि सगळं गंजलेलं. ती पेटी त्यांनी कारखान्यात आणून गुणाजीपुढे ठेवली.

"जमेल का रे?"

जमलं. गळ घासलेटात भिजवायचे, ब्रशाने गंज काढायचा, पितळ चिंचेने उजळायचं, लाकडावरचा फुगलेला रंग काचेच्या तुकड्याने खरवडून नवा द्यायचा. सुट्टीच्या दिवशी तो दारात तासन्‌तास त्यातच असे.

"ह्या काम हातात आसला की तुमचो हात माझ्यार उठना नाय," विमला एकदा म्हणाली. तो गळ घासत राहिला.

त्याच तलावात काशीराम नावाचा एक दांडगा खाणीतून चोरलेली सुरुंगाची दारू पाण्यात उडवून मासे मारी. प्रधानांनी पोलिसांत तक्रार केली. त्याचे दोन साथीदार धरले गेले, तो निसटला. चुगली प्रधानांचं काम करणाऱ्या गुणाजीनेच केली, असं काशीरामच्या डोक्यात बसलं.

एका दुपारी तो पहार घेऊन गुणाजीच्या दारात आला. पहिला घाव रंगवून वाळत ठेवलेल्या माशांच्या फळीवर बसला, दुसरा गुणाजीच्या खांद्यावर. विमला मध्ये पडली. काशीरामने तिला ढकललं तशी ती पेटत्या चुलीवर कोसळली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तिची किंकाळी ऐकून गुणाजीने हातात होता तोच मासा काशीरामच्या तोंडावर हाणला.

पुढचा गळ काशीरामच्या डोळ्याखाली गालात रुतला, मागचा गुणाजीच्याच तळहातात. दोघांनीही हिसडा दिला आणि दोघांचंही मांस फाटलं. पहार खाली पडली. वीतभर लाकडाला जखडलेले दोघे एकमेकांच्या श्वासात उभे राहिले. गुणाजीच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं, त्यातलं कुणाचं किती ते कळत नव्हतं.

"हललास तर डोळा जाईल," गुणाजी म्हणाला.

"काढ रे. तुझ्या पाया पडतो."

गुणाजीने डाव्या हाताने त्याचे केस धरले. विमलाने भाजलेला हात पाण्यात बुडवला आणि तशीच पक्कड घेऊन आली.

"आधी कोणाचो?"

गुणाजीने केसांवरची पकड घट्ट केली. मग म्हणाला, "त्याचा."

गळ उलटा ओढला तर टोकाजवळचा उलटा काटा मांस घेऊन येतो. म्हणून गुणाजीने तो पुढे दाबून कातडीतून टोक बाहेर काढलं. काशीराम गुरासारखा ओरडला. विमलाने टोक छाटलं, उरलेला गळ मागे सरकवून काढला. शेजारी जमले होते. त्यांनी काशीरामला लाथा-बुक्क्यांनी तुडवत नाक्यापर्यंत नेलं. गुणाजीने त्यांना अडवलं नाही.

गुणाजीचा गळही तसाच काढला, पण तळहात चिघळला, दोन बोटं कायमची ताठ झाली. कारखाना सुटला. पुढे प्रधानांच्या ओळखीने येणाऱ्या गळांवरच घर चाललं. तो डाव्या हाताने खरवडी आणि विमला खवले रंगवी.

"तू त्याला सोडलंस, हे मोठं केलंस," प्रधान एकदा म्हणाले.

"ओढायचंच होतं, साहेब," गुणाजी म्हणाला. "पण दुसरा गळ माझ्याच हातात रुतला होता."

शेजारी बसलेली विमला ब्रश पुसत होती. तिने पुढचा मासा उचलून गुणाजीच्या हातात ठेवला.