जेबेझचा कोंडवाडा

माझा नवरा जेबेझ कोटम एकवीस वर्षं स्केल्बीच्या कोंडवाड्याचा राखणदार होता. छातीइतकी उंच गोल दगडी भिंत, एक फाटक, एक किल्ली. त्यापायी गावानं आम्हाला कधी जवळ केलं नाही, आणि त्याला त्याचाच अभिमान. ज्याला सगळे शिव्या देतात तो माणूस सचोटीचा, असा त्याचा हिशेब.

एकदा गुत्त्यावर कुणीतरी म्हणालं, "जेबेझच्या घरचं लोणी अलीकडे बरंच पिवळं दिसतंय हो." कोंडलेल्या गाईंचं दूध हा काढतो, असा टोमणा. तो त्याला असा झोंबला की घरी येऊन त्यानं शपथ घेतली: कोंडवाड्यातल्या जनावराच्या कासेला हात लावायचा नाही. गाई बहुधा त्याच दिवशी सुटायच्या, म्हणून ती शपथ निभली.

मग त्याच्या थोरल्या बहिणीची, टेमरची गाय सापडली. चेरी तिचं नाव. गावाच्या ज्या माळावर ती वासरू असल्यापासून चरली, तो जमीनदारानं कुंपण घालून घशात घातला होता. गाईला कुंपणाचा कागद कोण वाचून दाखवणार? ती नेहमीच्या वाटेनं गेली, आणि जेबेझनं तिला आणून कोंडली.

टेमर विधवा. मंगळवारच्या बाजारात बदकं विकल्याशिवाय तिला दंड भरता येणार नव्हता, आणि तो होता शनिवार. रविवारी सकाळी ती बादली घेऊन दारात आली. गाय रात्रभर हंबरत होती, ते आख्ख्या गावानं ऐकलं होतं.

"किल्ली दे. दूध काढते नि जाते. गाय नेत नाही मी."

"दंडाआधी फाटक उघडणं म्हणजे कोंडवाडा फोडणं, ताई. उद्या सगळं गाव बादल्या घेऊन येईल."

"आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. तुला कुणी वाढवलं रे?"

"नातं मध्ये आणू नकोस."

मी म्हटलं, "मी काढते. सगळ्यांदेखत गटारात ओतू, मग तर झालं?"

"कासेला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

किल्ली खुंटीला होती. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होती. मी उचलली नाही. घर नोकरीबरोबरचं होतं, मी भ्याले. त्याची लाज मला अजून वाटते.

मंगळवारी गाय सुटली तेव्हा कास दगडासारखी टणक झाली होती. चारांतले तीन सड कायमचे गेले. पंधरवड्यात खाटकानं नेली.

महिन्याभरानं जेबेझ जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे गेला, तेव्हा बोलता बोलता चेरीची गोष्ट निघाली. कारभारी हसून म्हणाला, "तुझ्या सख्ख्या बहिणीची होती? मग बोलायचं नाही का, बाबा! तेव्हाच सोडून दिली असती."

घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं आणि म्हणाला, "ताईला कळू देऊ नकोस."

मी तशीच उठले आणि टेमरकडे जाऊन सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठाऊक असतं तरी त्यानं विचारलं नसतं."

एवढी वर्षं मी त्याच्याशी संसार केला होता. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर शेंगा सोलू लागले.