पाळण्याचा डबा

पिंगळीचं टेसन सोडलं की गाडी पारूबाईच्या वावराची कड धरून मिरखेलकडे जाई. गावातल्या बाकी बाया खुरपायला बसल्या की रुळाकडे पाठ करून बसत, इंजिनातला कोळसा डोळ्यात जातो म्हणून. पारूबाई तोंड करून बसे. कोळसा डोळ्यात जाई, डोळे लाल होत, नवरा वैजीनाथ बोल बोल बोले. पण बाईनं तोंड काही फिरवलं नाही. बाकी सगळ्या बाबतीत नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी ही बाई एवढ्या एका बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

डोळे चोळून चोळून तिनं जे पाहिलं, ते दरसाल भादव्यात सारा गाव पाही. महालक्ष्म्यांपुढं आरास मांडायची, तर कुणी मातीचे बैल मांडतं, कुणी लाडू-करंज्यांच्या राशी लावतं. पारूबाई आगगाडी मांडायची. कडब्याच्या धाटाची साल काढली की आत पांढरा, हलका गाभा निघतो. त्या गाभ्याचे डबे, सालीच्या खिडक्या आणि जोडायला बाभळीचे काटे. इंजिन काळ्या मातीचं, त्याला दिव्याची काजळी चोपडलेली. डब्यांना तांबडी काव. रझाकारी सरली, निजामाची गाडी भारत सरकारची झाली, पण पारूबाईच्या गाडीवर कोणत्याच सरकारचा हुकूम कधी चालला नाही.

हुकूम चाले तो माहेरवाशिणींचा. महालक्ष्म्या म्हणजे तरी कोण? माहेरी आलेल्या लेकीच. म्हणून पुढल्या साली कोणता डबा जोडायचा, हे सांगायचा मान गावच्या लेकींचा, असं पारूबाईनं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं. हळदीकुंकवाला आल्या की त्या आरासीपुढं बसत आणि एकेक जण मागणी घाली. साली एकच डबा, कारण वावर काही बाईला सुट्टी देत नव्हतं. ज्या लेकीचा डबा तयार होई, तिनं पुढल्या भादव्यात यायचं आणि आपल्या हातानं तो गाडीला जोडायचा, अशी रीत पडली.

मागण्या तरी कसल्या! गावातल्या लिंबाजीची बहीण मनकर्णा म्हणाली, "सासरला निघाले तवा मायनं शेळी दिली ती डब्यात घेऊ देईनात. मला असा डबा कर, जिथं शेळी बाईजवळ बसंल." कस्तुराबाईला खिडकी पाहिजे होती, पण साधी नव्हे; मुंडकं आणि दोन्ही हात बाहेर निघतील एवढी, कारण तिचा भाऊ दरवेळी टेसनाच्या भलत्याच टोकाला उभा राही. एकीनं चूल असलेला डबा मागितला, एकीनं पाय पसरून सुपारी कातरत बसता येईल असा. असले डबे रेल्वेच्या कारखान्यात कुणी केले नसते. पारूबाईच्या कारखान्यावर साहेब नव्हता, तिनं सगळे केले. शेळीसुद्धा केली, मातीची, दाढीसकट.

या गाडीची चाकं मात्र पारूबाईच्या हातची नव्हती. ती लेकीच्या, दैवशालाच्या हातची. पारूबाईचं चाक कितीही जपून कापलं तरी लंबुळकं व्हायचं आणि डबा लंगडत चालायचा. पोरगी कापी ते गोल गरगरीत. दैवशाला राणीसावरगावला दिली तेव्हा चार डब्यांना पुरतील एवढी चाकं कापून ठेवून गेली. तिची स्वतःची मागणी दर साली मागं पडायची. "माझं काय माय, घरचंच हाय. आधी त्यांचं कर," असं ती म्हणे, आणि पारूबाईही पोटच्या पोरीला पुढं काढलं असं गावानं म्हणू नये म्हणून गप्प बसे. शेवटी लग्नाला चार वर्षं होऊन पोरीला मुलगा झाला. बाळंतपणाला माहेरी होती तेव्हाच महालक्ष्म्या आल्या, आणि मांडीवर लेकरू घेऊन दैवशाला म्हणाली, "माय, आता माझा कर. पाळणा टांगलेला डबा. ह्याला घिऊन यायला मला लय सोपं जाईल." सगळ्या बाया हसल्या. पारूबाई हसली नाही. तिनं तेव्हाच मनात पाळण्याची दोरी वळायला घेतली होती.

दिवाळी झाली, दैवशाला लेकराला घेऊन सासरी गेली. संक्रांतीला वैजीनाथ तिळगूळ घेऊन नातवाला बघायला निघाला, आणि तिथं त्या भल्या माणसानं घोटाळा केला.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी आईबापानं घ्यायचं नाही, ही आपल्याकडची चाल. वैजीनाथ चार वर्षं राणीसावरगावला जाई तेव्हा गावच्या विहिरीवर पाणी पिई आणि फडक्यातली भाकरी चिंचेखाली बसून खाई. या खेपेला विहीण कमलबाईनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. आता नातू झाला, आता इव्हाई जेवणार, म्हणून शेजारच्या चार बायांनाही बोलावलं होतं. पाट मांडला, तांब्या पुढं केला, आणि वैजीनाथ हात जोडून सवयीनं बोलून गेला, "नको विहीणबाई, लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई आमाला."

घरी जेवायला बसल्यावर ते त्यानं बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पारूबाईनं कपाळावर हात मारला.

"अवो, नातू झालाय की आता!"

वैजीनाथचा तोंडातला घास तोंडात राहिला. "अरारारा," एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशी पुढं जेवला नाही.

पण बाण सुटला होता. चार बायांदेखत बेइज्जत झालेली कमलबाई काही अशी-तशी विहीण नव्हती. आमचा नातू यांच्या हिशेबी माणसातच नाही, असा तिनं अर्थ घेतला, आणि तिच्या जागी कुणीही तोच घेतला असता. नागपंचमीला तिनं सुनेला धाडलं नाही. गंगाखेडच्या बाजाराला गेलेल्या लिंबाजीच्या हाती निरोप आला, "ज्यांना आमच्या घरचं पानी चालत न्हाई, त्यांच्या घरचं जेवन आमच्या सुनेला काऊन चालावं?"

डबा तयार होऊन कोनाड्यात बसला होता. आत सुतळीचा पाळणा, वर चिंधीची झालर, आणि लेकीनं कापून ठेवलेली चाकं संपल्यामुळं खाली पारूबाईच्याच हातची लंबुळकी चाकं. पण जिनं जोडायचा तीच येणार नव्हती. पंचमीपासून पारूबाईला नीट झोप नव्हती. लेक एकदा अशी अडकली की वर्षामागं वर्षं जातात, आणि मग माहेरची वाट पोरीच्या मनातच बुजते, हे तिनं गावात पाहिलं होतं. वैजीनाथ शरमेनं राणीसावरगावचं नाव काढीना. शेवटी महालक्ष्म्यांना थोडे दिवस उरले तेव्हा पारूबाईनं डबा टोपलीत ठेवला, वर लुगडं झाकलं आणि ती एकटी निघाली.

परभणीला गाडी बदलून ती गंगाखेडला उतरली. ज्या गाडीपायी जन्मभर डोळे लाल करून घेतले, तिच्यात बसून बाईनं त्या दिवशी ना खिडकी पाहिली ना कडी. नजर सगळी टोपलीवर. पुढं राणीसावरगावापर्यंत बैलगाडी. खाचखळग्यांनी टोपली अशी हिंदकळली की पारूबाईनं ती शेवटी पोटाशीच धरली.

कमलबाई अंगणात डाळ पाखडत होती. "या," म्हणाली आणि पाखडतच राहिली. तांब्या काही पुढं आला नाही. दैवशाला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आईकडे धावावं तर सासू बसलेली.

पारूबाई तिथंच भुईवर टेकली. "विहीणबाई, तहान लागली. पानी द्या."

"तुमाला चालतंय व्हय?"

"आमच्या मालकाला सवय लागली हो. चार वर्षं तुमच्या दारातून तहानलेले गेले, ते पाचव्यांदा बी तसेच गेले. बांध मोडला तरी बैल जुन्याच जाग्यावर वळतो. मनात काही नव्हतं त्यांच्या."

"नातू झाल्याचं याद ऱ्हात न्हाई माणसाला?" सूप थांबलं, पण कमलबाईचा आवाज अजून कडकच होता.

पारूबाईनं टोपली पुढं ओढली. तिनं लुगडं बाजूला केलं. डब्याचं छप्पर सरकलं होतं, पाळणा एका दोरीवर लोंबत होता. ते पाहून तिचा एवढा वेळ धरलेला धीर सुटला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हा त्याचाच डबा," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्या नातवाचा. गावच्या साऱ्या लेकींच्या आधी केला मी औंदा."

"मीच मागितला होता, आत्याबाई," दारातून दैवशाला म्हणाली.

कमलबाईनं डबा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. पाळण्याला बोट लावलं तसा तो वाकडातिकडा हलला. मग ती उठली, अंगणाच्या काटेरी कुपाटीपाशी गेली आणि दोन बाभळीचे काटे मोडून आणले. एक छपराला खोवला, एक पाळण्याच्या कडीला. "आमी बी ल्हानपनी धाटाच्या गाड्या करायचो," ती कुणाकडे न बघता म्हणाली, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. पारूबाई तो घटाघटा प्याली.

भाकरी आणि वरण वाढलं. जेवता जेवता पारूबाईनं सहज विचारलं, "तुमचं माहेर कोन्चं?"

"पेडगाव. मायबाप गेले. भाऊ पटकीत गेला. घर बी पडलं." कमलबाई भाकरीचा तुकडा उगीच मोडत राहिली. "या घरात महालक्ष्म्या बसवायची चाल न्हाई. भादवा आला की ज्याच्या त्याच्या सुना माहेरी जायलेल्या बघते. मला न्यायाला कोन येतंय?"

"मी आले की," पारूबाई म्हणाली.

"तुमी लेकीला न्यायाला आल्या."

"आले होते एकीला न्यायाला. आता दोघींला नेते."

व्याही व्यंकटराव आणि जावई सुग्रीव या दोघांना विचारायचं बाकी होतं, पण कमलबाईच्या घरात विचारायचं म्हणजे सांगायचंच असे. दुसऱ्या दिवशी तिघी बाया, एक लेकरू आणि एक डबा निघाले.

पिंगळीच्या टेसनावर वैजीनाथ आला होता. विहीण उतरताना दिसली तसा पठ्ठ्या पुढं होऊन म्हणाला, "विहीणबाई, आधी मला पानी द्या!"

"घ्या! इथं तुमच्या गावात मी पानी कुठून आनू?" कमलबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. वैजीनाथला तेव्हा कुठं आठ महिन्यांनी धड श्वास घेता आला.

महालक्ष्म्या बसल्या. हळदीकुंकवाला घर भरलं. दैवशालानं लेकराला कडेवर घेऊन डबा गाडीला जोडला, आणि लंबुळक्या चाकांवरून आईला चिडवूनही घेतलं. मग मागण्या सुरू झाल्या. सगळ्यांचं झाल्यावर पारूबाई कमलबाईकडे वळली. मागून कुणीतरी कुजबुजलं, ही तर विहीण, गावची लेक कुठं हाय? पारूबाईनं ते ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या घरी भादव्यात आली ती माहेरवाशीणच. बोला, कोन्चा डबा करू?"

कमलबाईनं इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडीवरून बोट फिरवलं.

"डबा नको मला," ती म्हणाली. "तुमची गाडी पिंगळीत लय कमी थांबती. थोडी जास्त थांबू द्या."

पुढल्या भादव्यात पारूबाईनं नवा डबा केला नाही. गाडीशेजारी एक टेसन केलं, टेसनात एक बाक केला, आणि त्या बाकावर मातीच्या दोन बाया टेकवून बसवल्या. औंदा नवा डबा काऊन न्हाई, म्हणून कुणी विचारलं की ती आधी शेजारी बसलेल्या कमलबाईकडे बघे आणि मग सांगे, "गाडीला उशीर हाय."